तिसरा खांब

मांडवी, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२२

चि. भागोजीस आशीर्वाद.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र. पत्ता शमिकाकडून घेतला. तिने आत्याला पत्ता दिला यात तिची काही चूक नाही, तिला बोलू नकोस.

कामाचे लिहिते. घराला पुढून पडवी काढते आहे. लाकडाची, कौलारू. बावीस फूट लांब, सात फूट रुंद, चार खांब. दार समुद्राच्या तोंडाला असल्याने पावसाळ्यात ते बंदच ठेवावे लागते, हे तुला ठाऊक आहे. मी आता एकोणसत्तर वर्षांची झाले. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होते तोवर दिवसभर घरात नसायचे, म्हणून चालून गेले. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली. चार महिने खिडकीच्या गजांतून पागोळ्या बघत बसणे यापुढे मला जमणार नाही.

लाकूड फणसाचे. आपलाच फणस. मागच्या वर्षी मे महिन्यात वादळ झाले त्यात तो मुळासकट आडवा झाला. विहिरीच्या अंगाला पडला, घराला धक्का लागला नाही. मी तोडलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या मनात येईल. गिरणीत चिरून आणला आणि मधे रिपा घालून मागच्या पडसावलीला वर्षभर सुकवला. चिरला तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, आता मधाच्या रंगावर आला आहे.

तू पस्तीस वर्षे मुंबईत लाकडाच्या वखारीत काढलीस. तेव्हा दोन गोष्टी कळव. एवढी सुकवण पुरे का? आणि खांब तळखड्यावर नुसता उभा करायचा की दगडात खाच घ्यायची? कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. पत्र लिही असे मी म्हणत नाही.

गंगाअक्का

—

मांडवी
२ डिसेंबर २०२२

चि. भागोजीस,

उत्तर नाही. ठीक आहे. सुकवण पुरेशी आहे असे धरले आणि दगडात खाच घेतली.

सुतार मिळायला तीन आठवडे गेले. हल्लीचे सुतार प्लायवूडची कपाटे करतात. खांब-तुळई म्हटले की हसतात. एकाने अंगणात उभे राहून सांगितले, "लोखंडी चॅनेल टाका आणि वर पत्रा, बाई, दोन दिवसांत मोकळे." त्याला मी चहा विचारला नाही. शेवटी राजिवड्याचा गनी भेटला. तो होड्या बांधतो. घर कधी बांधले नाही असे त्याने आधीच सांगितले, ते मला आवडले. म्हणाला, "छप्पर म्हणजे पालथी होडीच की. ज्याला ती जमते त्याला हे जमतं." खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून सांध्यांत खिळा घालायचा नाही, खैराच्या खुंट्या मारायच्या, हे मी सांगण्याआधी त्यानेच सांगितले.

मापे मी त्याला देते, तो खडूने लाकडावर मांडतो. एकदा सांगितले की पुन्हा विचारत नाही.

एक विचारायचे होते. एका जुन्या आराखड्यात प्रत्येक खांबाशेजारी एक बाण काढलेला आहे, खालून वर जाणारा. मी तो उंचीचा बाण समजते आहे. तुझे मत वेगळे असेल तर दहा तारखेच्या आत कळव. बाराला खांब उभे राहतील. आराखडा कोणाचा, ते महत्त्वाचे नाही.

गणपतीत सासुरवाडीला हर्ण्याला येऊन गेलास असे कळले. दर वर्षी येतोस असेही कळले. हर्ण्याहून मांडवी एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. हा टोमणा नाही, अंतर लिहिले.

गंगाअक्का

—

मांडवी
८ जानेवारी २०२३

चि. भागोजीस,

सांगाडा उभा राहिला. तुळई चढवायला गनीने होडी ओढणारी सहा माणसे आणली. त्यांनी ती दोरावर घेतली आणि होडी पाण्यात लोटताना देतात तशी हाक देत एका दमात वर बसवली. चारही खांबांच्या माथ्यावर ती अशी बसली की मधे कागद जाणार नाही. मी कागद घालून पाहिला.

शेजारच्या गोदाने नारळ वाढवला. गनीने पहिली कवड तळखड्यावर ठेवली आणि दुसरी आपण खाल्ली.

आता सांगायला हरकत नाही. मापे माझी नाहीत. तू १९९९ साली आईला पत्रातून पाठवलेला आराखडा माझ्याकडे आहे. त्याच्यावरूनच सगळे केले. बावीस फूट, सात फूट, कौलांचा उतार, सगळे तुझे. आईला तेव्हा पडवी नको होती आणि तसे मी तिच्या वतीने तुला कळवले होते. ती तुझी पत्रे माझ्याकडून वाचून घ्यायची आणि उत्तरे मला सांगायची, मी लिहायची, तसेच तेही. पण कागद मी ठेवला. कागद टाकायची मला सवय नाही.

काम चांगले होते. हे मी तेव्हा म्हणाले नव्हते.

गंगाअक्का

—

मांडवी
२६ मार्च २०२३

चि. भागोजीस,

कौले चढली, फरशी झाली, लाकडाला तेल लावून झाले. तेलावरून गनीशी माझे वाजले. त्याला होडीसारखे मुशी माशाच्या काळजाचे तेल लावायचे होते. वास दोन महिन्यांत जातो म्हणाला. मी म्हटले, दोन महिने मांडवीतली सगळी मांजरे माझ्या दारात बसतील, त्यांना तू सांभाळणार का? शेवटी काजूच्या टरफलाचे तेल ठरले. त्याने वाळवी फिरकत नाही, पण ते अंगाला लागले की भाजते. गनीला हातमोजे घालायला लावले, त्याने तोंड वाकडे करून घातले. एक कोपरा राहिला होता तो मी स्वतः केला, हातमोजे न घालता. उजव्या तळहातावर रुपयाएवढा फोड आला आहे. म्हणून अक्षर असे आहे.

आता दर वर्षी पाऊस संपला की खांब गोड्या पाण्याने धुवायचे, मीठ काढायचे, महिनाभर उन्हात वाळू द्यायचे आणि नोव्हेंबरात पुन्हा एक हात तेल. गनीने हे भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे, मी विसरेन म्हणून. मी विसरत नाही.

बाकाबद्दल लिहायचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबामधे बाक घातले आहे. मी त्याची उंची अठरा इंच सांगितली. खुर्ची अठरा इंचच असते. तुझ्या कागदावर चौदा आहे आणि पुढे तू लिहिले आहेस, "आईचे पाय टेकले पाहिजेत." मला वाटले, आता आई नाही, मग चौदाचे कारण नाही.

काल पहिल्यांदा बसले. पाय लोंबकळत राहिले. गोदा बघत होती, ती म्हणाली, "अगदी वैनी बसल्यासारखी दिसतेस." ती आईला वैनी म्हणायची. माझी उंची चार फूट नऊ इंच, आईचीही तेवढीच होती. हे मला माहीत होते, पण बाक सांगताना सुचले नाही.

बाक अजून तसेच आहे. मी पायाखाली पाट घेऊन बसते.

गंगाअक्का

—

मांडवी
१७ जुलै २०२३

चि. भागोजीस,

चार दिवस झड लागली आहे. पाणी पडवीच्या दुसऱ्या फरशीपर्यंत येते, तिसरीला येत नाही. सात फूट का, सहा का नाही, हे आता समजले. दार सताड उघडे आहे आणि मी बाकावर बसून लिहिते आहे. समोर समुद्र चहासारखा झाला आहे. जेट्टीवर कुत्रेसुद्धा नाही. लाट भिंतीवर आपटते ती आधी दिसते आणि मग ऐकू येते. या घरात माझा जन्म गेला आणि जुलैचा समुद्र मी बसून कधी बघितला नव्हता. छत्री धरून, ऑफिसला जाताना, तेवढाच.

आता जे लिहायचे ते लिहिते. गेल्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रात लिहायचे ठरवले आणि तेल, कौले, खुंट्या लिहीत राहिले.

आईने पडवी नको म्हटले नाही. तिला पडवीचे कळलेच नाही.

तुझे ते पत्र फेब्रुवारीत आले. दोन पाने आणि आराखडा. पहिल्या पानावर शमिकाच्या शाळेचे आणि तुझ्या खोकल्याचे होते. ते वाचून दाखवले. दुसऱ्या पानावर तू लिहिले होतेस ते शब्दाला शब्द उतरवते, कारण ते पान माझ्यासमोर आहे. "पावसात तुला दार लावून अंधारात बसावे लागते ते मला बरे वाटत नाही. मी सुटी काढून येतो आणि तुला समुद्र दिसेल अशी पडवी करून देतो. फणस कापावा लागेल. तो तू लावलेला आहेस, तेव्हा कापायचा की नाही ते तू सांग. अक्काला सांगू नको म्हटले तरी तीच वाचणार, तेव्हा अक्का, तूही सांग."

मी ते पान आणि आराखडा घडी करून पदराखाली घेतले. पत्र संपले की आई नेहमी विचारायची, "संपलं गो?" त्या दिवशीही तिने विचारले. मी म्हटले, "संपलं."

मग रात्रीचा स्वयंपाक करून झाल्यावर तिच्या नावाने तुला लिहिले की या वयात घरात लाकडाची खटपट नको आणि सारखे नवे बेत लिहून पाठवू नकोस. त्या उत्तरातले एकही वाक्य तिचे नव्हते.

फणसासाठी केले असे इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले. फणस होता आणि त्याचे गरे सगळ्या आळीला जायचे, हे खरे. पण कारण ते नव्हते. तिला उचलून न्हाणीत न्यायची मी. तिच्या गोळ्या, तिचे पथ्य, तिचे डोळ्यांचे ऑपरेशन, सगळे मी. आणि ती दिवसभर बोलायची तुझ्याबद्दल, जो वर्षातून आठ दिवस यायचा. तू येणार, पंधरा दिवसांत पडवी उभी करणार, आणि पुढे ती मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार की ही माझ्या भागोजीची पडवी. ते मला सोसणार नव्हते. एवढेच कारण.

त्यानंतर ती चार पावसाळे जगली. चारही पावसाळे खिडकीशी बसून काढले. घरी यायचे तू थांबवलेस, आणि तुझी पुढे जी दोन-तीन पत्रे आली ती चार ओळींची होती. तिला वाटले असेल की तुला कामातून वेळ नाही. तसे मीच तिला सांगितले. ती गेल्यावर दिवसाला तू आलास, फणसाखाली उभा राहिलास, घरात आला नाहीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. मला वाटले, आईने नको म्हटल्याचा राग अजून आहे. तो राग तिच्यावर राहू दिला मी. माझ्यावर घ्यायला हवा होता.

माफी मागितली तर तू ती द्यावीस असे होते, म्हणून मागत नाही. झाले ते झाले तसे लिहिले आहे. तुझे दुसरे पान सोबत पाठवते. ते तुझे आहे.

गंगाअक्का

—

मांडवी
२२ ऑक्टोबर २०२३

चि. भागोजीस,

जुलैचे पत्र तुला पोचले हे शमिकाकडून कळले. कपाटात ठेवले आहेस, असे ती म्हणाली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

पाऊस गेला. खांब धुतले. दोन कौले सरकली होती ती बसवली. वाळवी नाही. पण एक चूक निघाली आणि ती तुलाच सांगावी लागेल.

माडांवर चढणारा धाकू तुला आठवत असेल. सत्तरी झाली, अजून स्वतः चढतो. परवा नारळ पाडून झाल्यावर पडवीत पाणी प्यायला बसला. तांब्या खाली ठेवला आणि खांबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाय, ह्यो तिसरा खांब डोक्यावर उभा हाय."

मी विचारले, कशावरून? त्याने खांबावरच्या गाठी दाखवल्या. फांदी खोडातून वर तिरकी निघते, म्हणून गाठसुद्धा वर तिरकी असते. तीन खांबांच्या गाठी कौलांकडे बघतात. तिसऱ्याच्या जमिनीकडे बघतात. एकदा दाखवल्यावर मला दुसरे काही दिसेना. सात महिने मी त्याच खांबाला टेकून बसत होते.

मी त्याला सांगितले की कापलेले लाकूड पाणी ओढत नाही, त्याला बुडखा काय आणि शेंडा काय. तो म्हणाला, "लाकडाला नसंल कळत. घराला कळतं. असल्या घरातनं गेलेलं माणूस फिरून येत नाय म्हणतात." मी म्हटले, तू तर या वर्षी चौथ्यांदा आलास. म्हणाला, "मी घरातला थोडाच हाय, बाय? मी माडातला."

तो गेल्यावर तुझा कागद काढला. चार खांब, चार बाण, सगळे खालून वर. बाण उंचीचे नव्हते. उंची तर तू बाजूला आकड्यात लिहिली आहेस, मग बाण कशाला, एवढे बी.एस्सी. झालेल्या बाईला सुचायला हवे होते. झाड उभे होते तसाच खांब उभा करा, असे तू सांगत होतास.

गनीला बोलावले. तो आला, खांबाभोवती दोनदा फिरला, टोपी काढून हातात घेतली. "होडीत लाकूड आडवंच असतं, बाई," म्हणाला. "त्याला डोकं कुठलं नि पाय कुठले?" मी म्हटले, तुझी चूक नाही, कागदावर बाण होते. तेव्हा त्याने माझ्याकडे बघितले. म्हणाला, "कागद होता? मग मला दाखवला का नाही?"

भागोजी, मी त्याला कागद दाखवला नव्हता. वाचून दाखवला होता. जे मला महत्त्वाचे वाटले ते वाचले आणि बाकीचे सोडून दिले.

खांब उलटा असल्याने छपराला धोका नाही. गनी म्हणतो, पन्नास वर्षे काही होणार नाही. फिरवायचा तर तुळईला धिरा द्यायचा, तेवढ्या भागातली कौले उतरवायची, आणि माथ्याचा सांधा नव्याने काढायचा. त्यात खांब चार बोटे आखूड होईल, तळखडा तेवढा उचलावा लागेल. दोन-तीन दिवसांचे काम.

धाकूच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. पण मला तो खांब तसा ठेवायचा नाही. आई जे बोललीच नव्हती ते एकदा मी तिच्या नावावर खपवले. दुसऱ्यांदा तुझ्या नावावर नको. फिरवावा की राहू द्यावा, ते तू सांग. तू सांगेपर्यंत मी हात लावू देणार नाही.

गंगाअक्का

—

मांडवी
५ नोव्हेंबर २०२३

चि. भागोजीस,

शमिकाचा सकाळी फोन आला. "आत्या, पप्पा विचारतात, तिसरा म्हणजे कुठून तिसरा?"

गेटकडून धरलास तर तिसरा. विहिरीकडून धरलास तर दुसरा.

गंगाअक्का

—

मांडवी
३० नोव्हेंबर २०२३

चि. भागोजीस अनेक आशीर्वाद.

भाऊबीज टाळून पाच दिवसांनी आलास, ते बरे केलेस. ओवाळणे वगैरे मला जमले नसते. पिशवीत कपडे एक जोड आणि हत्यारे सहा किलो, हे बघून गोदा अजून हसते आहे.

तीन दिवसांत तू माझ्याशी जेवढे बोललास त्याहून जास्त गनीशी बोललास. तुम्ही दोघे खांब उतरवून अंगणात आडवा ठेवून त्याच्यावर वाकला होतात, तेव्हा तो तुला भागोजीशेठ म्हणत होता आणि तू त्याला उस्ताद. मी चहा आणून ठेवला तो दोन वेळा निवला. मी काही बोलले नाही. हे लिहून ठेव, कारण असे फार वेळा होत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू पायरीवर बसून जे बोललास, त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. उठून आत गेले आणि भांडी घासली. म्हणून हे पत्र.

तू समुद्राकडे बघत म्हणालास, "आईला माहीत होतं, अक्का." मग म्हणालास, "शेवटी इस्पितळात मला म्हणाली, कागद तीन होते, बोलणं एकाचंच झालं. मी तुला विचारायला उठलो, तर हात धरला तिने. म्हणाली, विचारू नको. गंगी सांगेल तेव्हा सांगेल."

आणि थोड्या वेळाने, "वीस वर्षं लावलीस."

पाकीट तीच फोडायची. ती कागद बाहेर काढायची, हाताने सरळ करायची, आणि मग मला द्यायची. तिला अक्षर वाचता येत नव्हते, तीनपर्यंत मोजता येत होते. हे मला त्या दिवशी आठवायला हवे होते. तू बोललास त्यानंतर मी भांडी घासताना आणखी एक आठवले. "संपलं गो?" हे तिने त्या पत्रानंतर पुन्हा कधी विचारले नाही. तुझी पुढची दोन-तीन पत्रे वाचून झाली की ती नुसती मान हलवायची. मला वाटायचे, वय झाले, आता लक्ष राहत नाही.

म्हणजे चार वर्षे ती माझ्या हातचे जेवली, माझ्या खांद्याला धरून न्हाणीत गेली, आणि तिला माहीत होते. एकदाही विचारले नाही. मी सांगेन म्हणून बसून राहिली. आणि पुढे तूही फणसाखाली उभा राहिलास तो त्याचसाठी. तुम्ही दोघांनी मला विचारले असते तर मी खोटे बोलले असते, हे दोघांनाही कळले होते. मलाच कळले नव्हते.

उत्तर एवढेच आहे. त्या उशिराचा हिशेब कसा करायचा, ते मला येत नाही. तू जाताना उंबऱ्यावर थांबून "येतो" म्हणालास, "जातो" म्हणाला नाहीस. ते मी ऐकले.

आता कामाचे.

गनीने परवा सगळ्या लाकडाला तेलाचा हात दिला. हातमोजे न सांगता घातले. धाकू येऊन तिसरा खांब तपासून गेला, गाठींवरून बोट फिरवले आणि म्हणाला, आता सरळ झाला. त्याला मी तुझ्याबद्दल काही सांगितले नव्हते, तरी म्हणाला, "आलं ना माणूस?" मी म्हटले, आले आणि गेले. "गेलं तर काय," म्हणाला, "नेणारी नि आणणारी गाडी तीच हाय."

बाक तू जायच्या दिवशी सकाळी मला न विचारता चौदा इंचांवर आणलेस. मी अंघोळ करून आले तर करवतीचा भुसा झाडून तू उभा. मी बसले. तू खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलेस, पावले फरशीवर पुरती टेकली आहेत का ते बघितलेस, आणि उठून हत्यारे भरायला लागलास. पाट मी पुन्हा देवघरात नेऊन ठेवला.

तू खांब उभा करण्याआधी त्याच्यावर पेन्सिलीने बाण काढलास, छातीच्या उंचीवर, खालून वर. गनीने तेल लावायला घेतले तेव्हा मी त्याला थांबवले. तेल लावले की पेन्सिल पुसते. त्याने विचारले, तेवढी जागा कोरडी राहिली तर वाळवी लागेल, चालेल का? मी सांगितले, तेवढ्या जागेवर रोज माझी नजर असते.

पुढच्या नोव्हेंबरात तेल तू लावायचे आहेस. बाणाभोवती हात जपून फिरवावा लागेल आणि माझा हात आता थरथरतो. गनीने भिंतीवर खडूने महिना लिहिला होता, त्याच्यापुढे मी तुझे नाव लिहिले आहे.

पत्र संपले. पाने तीन आहेत, मोजून घे.

गंगाअक्का